एका फुटाचा अर्धा इंच

आज पापड-लोणच्याचा विषय नाही आणि शिलाईचाही नाही. आज आपण ट्रकविषयी बोलणार आहोत. चालवायच्या नाही, बनवायच्या. हातभर लांबीचा, चाकं फिरणारा, फाळका उघडणारा, मागं ऊस भरलेला ट्रक. त्याच्याच बरोबर १०८ ची रुग्णवाहिका आणि अग्निशमनची लाल गाडी.

आमच्या गटानं हे काम धरलं तेव्हा पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच होता, बायांना गाड्यांतलं काय कळतं? आता बघा, सातारा-सांगलीत राहून ट्रक न बघितलेली बाई सापडेल का? पुणे-बंगळूर महामार्ग आपल्या उशाशी आहे. खंबाटकीच्या घाटात चढाला लागलेल्या गाड्यांची रांग आपण माहेरी जाताना-येताना बघतो. ऊसतोड सुरू झाली की चार-पाच महिने आपल्या दारावरून ट्रक, दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, बैलगाड्या जातातच. आणि लहानपणी ज्वारीच्या धाटाची गाडी कुणी केली नाही? जुन्या चपलेची चाकं कापून, तारेत ओवून, वर आगपेटीचा हौदा. आपलं काम तिथूनच सुरू होतं. फरक एवढाच, की ती गाडी डोळ्याच्या अंदाजानं व्हायची आणि ही मापानं करायची.

म्हणून आधी माप. मॉडेल हा शब्द खूप ऐकला असेल, पण खेळणं आणि मॉडेल यांतला फरक मापाचा आहे. खेळण्यात चाक मोठं झालं, केबिन बुटकी झाली तरी मूल खुश असतं. मॉडेलमध्ये खऱ्या गाडीचा प्रत्येक भाग सारख्याच पटीनं लहान करायचा असतो. जगभर याची ठरलेली प्रमाणं आहेत. एकास त्रेचाळीस, एकास पन्नास, एकास चोवीस अशी. एकास चोवीस म्हणजे खऱ्या गाडीचे चोवीस इंच तिथं मॉडेलचा एक इंच. आम्ही हेच प्रमाण धरलं, कारण आपल्याला सोपं पडतं. चोवीस इंच म्हणजे दोन फूट. म्हणजे खऱ्या गाडीचा एक फूट झाला, की आपला अर्धा इंच. झालं, एवढंच गणित. शिवणकामाचा टेप हातात असलेल्या बाईला हे कुणी शिकवायला लागत नाही. आपण ब्लाऊजचं माप कागदावर उतरवतोच की.

गाडी मोजायला जाताना दोघी-तिघी मिळून जावं. मालकाला आधी विचारावं. वजनकाट्याजवळ उभी असलेली गाडी बरी, कारण ती अर्धा तास तरी हलत नाही. एकीनं टेप धरायचा, एकीनं वाचायचं, एकीनं वहीत लिहायचं. हौदा समजा चोवीस फूट भरला तर आपला बारा इंच. रुंदीला कायद्यानंच हद्द आहे. आपल्या रस्त्यावरची गाडी २.६ मीटरपेक्षा, म्हणजे साडेआठ फुटांपेक्षा रुंद असू शकत नाही. तेव्हा आपलं मॉडेल सव्वाचार इंचांच्या पुढं गेलं, तर समजावं की टेप कुठंतरी तिरका धरला गेलाय. मोठ्या ट्रकचं चाक टायरसकट साडेतीन फुटांच्या आसपास येतं, म्हणजे आपलं पावणेदोन इंच. जमिनीपासून हौद्याच्या तळापर्यंतची उंची मात्र सगळेच विसरतात. ती हमखास मोजा. ती चुकली की ट्रक बसल्यासारखा दिसतो, मग वर कितीही रंगरंगोटी करा.

लहान गाड्यांच्या या वेडाची एक गोष्ट सांगायला हवी. इंग्लंडमध्ये साधारण १९५२ साली एका कारखान्यातल्या कारागिरानं आपल्या मुलीसाठी पितळेचा छोटा रोडरोलर बनवला. तिच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं न्यायला परवानगी होती. तो इवला रोलर बघून बाकीच्या पोरांनीही हट्ट धरला, आणि त्यातूनच पुढच्या वर्षी मॅचबॉक्स नावाच्या गाड्या बाजारात आल्या. सुरुवातीच्या गाड्यांत रोलरबरोबर माती वाहणारा डंपर होता. एका पोरीच्या शाळेच्या नियमातून एवढा मोठा धंदा उभा राहिला.

आता सामान. लाकूड आंब्याचं चांगलं. मऊ असतं, कापायला सोपं जातं आणि सुताराकडं तुकडे मिळतात. सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी खेळण्यांचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, तिथं पांगाऱ्याचं हलकं लाकूडही वापरत आलेत. आपल्याकडं पांगारा बांधावर असतो, पण ओला वापरू नये, सुकताना तडकतो. केबिन आणि हौद्याच्या भिंतींना तीन मिलिमीटरचा प्लायवुड किंवा सनबोर्ड चालतो. सनबोर्ड म्हणजे दुकानाच्या पाट्यांना वापरतात ते पांढरं हलकं शीट. फ्लेक्सच्या दुकानातून उरलेल्या पट्ट्या स्वस्तात मिळतात. कटरनं कापला जातो, करवत लागत नाही. पण तो शोभेच्या मॉडेललाच. पोराच्या हातात द्यायची गाडी लाकडाचीच करावी, सनबोर्ड दोन आपट्यांत तुटतो.

हत्यारं मोजकी. स्टीलची पट्टी, गुण्या, बारीक दात्याची करवत, कानस, हातानं फिरवायचं ड्रिल आणि पॉलिश पेपर. पॉलिश पेपर तीन नंबरांचे घ्यावेत, १२०, २२० आणि ४००, आणि वापरायचे याच क्रमानं. मधला नंबर वगळला की रंग लावल्यावर ओरखडे वर दिसतात. भुसा फार उडतो, तेव्हा तोंडाला ओढणी बांधा आणि काम ओसरीवर करा, चुलीच्या खोलीत नको.

गाडी बांधायची ती खालून वर. आधी सांगाडा, म्हणजे चेसिस. दोन लांब पट्ट्या आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या. कण्यांची भोकं पाडताना दोन्ही लांब पट्ट्या एकावर एक घट्ट बांधून एकदमच पाडायची. वेगवेगळी पाडली तर केसाएवढा फरक पडतो, आणि तेवढ्यानं गाडी नांगराच्या वाकड्या तासासारखी एका बाजूला जाते. कण्याला सायकलचा जुना स्पोक उत्तम. चाकं सुताराकडून लाटण्यासारखा गोल दांडा कातून घ्यावा आणि त्याच्या चकत्या पाडाव्यात. चकत्या सारख्या जाडीच्या हव्यात. मागच्या कण्यावर दोन्ही बाजूंना जोडचाकं येतात हे लक्षात ठेवा. चाकं बसली की सांगाडा फरशीवर ढकलून बघा. सरळ गेला तरच वर केबिन बांधायला घ्या. आमच्या गटात हा नियम इतका पक्का आहे, की एक काकू ढकलून बघितल्याशिवाय कुणाला गोंदाची बाटलीच देत नाहीत.

केबिन आणि हौद्याबद्दल फार सांगत नाही. कागदावर खऱ्या मापाचा नमुना काढायचा, कापायचा, टाचणीनं जोडून बघायचा आणि मगच लाकडावर ठेवायचा. अस्तर बेतण्यासारखंच आहे.

खरी मजा बारकाव्यांत आहे, आणि तिथं आपला हात कुणी धरू शकत नाही. ट्रकच्या कपाळावरचे लोकरीचे गोंडे आपल्या पोरी दहा मिनिटांत करतात. ताडपत्रीला जुन्या अस्तराचं कापड मेण लावून घ्या, खऱ्यासारखी घडी पडते. दोराला सुतळीचा एकच पदर उलगडून घ्या. ऊस करायचा तर शिराईच्या झाडूच्या काड्या कापून, थोड्या हिरव्या-पिवळ्या रंगवून मोळ्या बांधा. बंपरला लिंबू-मिरची, मागं काळी बाहुली, एखादी एवढीशी चप्पल. मण्यांचा हार. दारावर मालकाचं नाव, गाव, तालुका. पूर्वी प्रत्येक ट्रकमागं हॉर्न ओके प्लीज असायचंच, पण २०१५ साली महाराष्ट्रात ते लिहायला बंदी झाली, म्हणजे उगाच हॉर्न वाजवायला निमंत्रण नको. जुन्या गाडीचं मॉडेल असेल तर लिहा, नव्या गाडीचं असेल तर नको. नंबरप्लेट मालवाहू गाडीची पिवळी आणि अक्षरं काळी. एमएच १० सांगलीची, ११ साताऱ्याची, ५० कराडची. गिऱ्हाईक सगळ्यात आधी नंबरप्लेटच बघतं. स्वतःच्या गाडीचा नंबर इवल्याशा पाटीवर वाचताना ट्रकमालकाचं तोंड बघण्यासारखं असतं.

बारकाव्यांत एक गोष्ट आली, ती सांगायचीच होती. ट्रकला आणि ट्रॉलीला चमकणाऱ्या पट्ट्या असतात. पुढं पांढरी, बाजूला पिवळी, मागं लाल. अंधारात मागच्या गाडीचा उजेड पडला की त्या चमकतात. आमच्यातल्या एका वहिनींनी ऊस-ट्रॉलीच्या मॉडेलला मागं लाल पट्टी चिकटवली. संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी दारातली खरी ट्रॉली बघितली, तर तिला पट्टीच नव्हती. होती ती चिखलानं आणि पाचटानं कधीच गेली होती. गळिताच्या हंगामात रात्री उभ्या ट्रॉलीवर मोटारसायकल आदळल्याची बातमी आपण दरवर्षी ऐकतो. वहिनींनी दुसऱ्या दिवशी बाजारातून पट्टीचा रोल आणला आणि स्वतःच्या हातानं लावली. नवरा म्हणाला, खेळण्यातनं शिकलीस होय? त्या म्हणाल्या, हो, आणि शेजारच्यांच्या दोन ट्रॉल्यांनाही लावून येते.

आता रुग्णवाहिका. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २६ जानेवारी २०१४ ला सुरू झाली, तेव्हा ९३७ गाड्या होत्या. त्यांतल्या २३३ गाड्यांत अत्यवस्थ रुग्णासाठीची जास्तीची यंत्रं होती. तेव्हा मॉडेल करायचं तर आतली बाजूही दाखवायला हवी, म्हणून आम्ही छप्पर उचलता येईल असं करतो. आत स्ट्रेचर, बाजूला बसायचा बाक, सलाइनची बाटली अडकवायचा आकडा, आणि ऑक्सिजनचं सिलिंडर. सिलिंडर अंगानं काळं आणि खांद्यावर पांढरं असतं. स्केचपेनच्या टोपणाला रंग दिला की झालं.

पुढच्या बाजूला अक्षरं उलटी का असतात, हे आम्हाला सगळ्यात जास्त वेळा विचारलं जातं. पुढं चाललेल्या गाडीचा ड्रायव्हर मागची गाडी आरशात बघतो. आरसा डावं-उजवं उलटं दाखवतो. म्हणून अक्षरं आधीच उलटी लिहिली की आरशात सुलटी दिसतात आणि तो लगेच बाजूला होतो. लिहायची युक्ती सोपी आहे. बटरपेपरवर सुलटं लिहा, कागद पालथा करा, मागून दिसतं ते गिरवा. लिहून झालं की घरातला हातआरसा समोर धरून वाचून बघा. शाळेतली पोरं या एका आरशावर अर्धा तास रमतात.

हे मॉडेल आम्ही विक्रीपेक्षा बैठकीत जास्त वापरतो. रुग्णवाहिका मधे ठेवायची आणि एकीनं फोन करायचा नाटक करायचं. काय सांगशील? बहुतेक जणी आधी रडगाणं सांगतात, पत्ता शेवटी. आधी पत्ता सांगायचा. गाव, तालुका, वस्ती, जवळची खूण. एकाच नावाची गावं दोन तालुक्यांत असतात, बुद्रुक-खुर्द असतात, म्हणून तालुका सांगायचाच. मग रुग्णाचं वय, त्याला काय होतंय, शुद्धीवर आहे का, श्वास घेतोय का. ज्या फोनवरून बोलतोय तो बंद करायचा नाही आणि त्यावर दुसऱ्या कुणाशी बोलत बसायचं नाही, कारण गाडीतून परत फोन येतो. आणि घरातल्या कुणाला तरी बॅटरी घेऊन फाट्यावर उभं करायचं. मळ्यातल्या वस्तीवर रात्री गाडी चुकते ती तिथंच. बाळंतपणाला आणि तान्ह्या बाळाला नेण्या-आणण्यासाठी १०२ ची गाडी आहे, आगीला १०१, आणि काहीच आठवलं नाही तर ११२. हे आकडे आम्ही मॉडेलच्या तळाला खालून लिहून ठेवतो. पोरं गाडी पालथी करतातच.

अग्निशमनची गाडी ट्रकसारखीच, फक्त लाल. शिडी आइस्क्रीमच्या काड्यांची, नळीचं रीळ धाग्याच्या रिकाम्या रिळाचं, नळीला वायरचं आवरण. सगळ्यात वेळखाऊ काम शिडीचं, कारण पायऱ्यांत सारखं अंतर ठेवायचं. एक फूट अंतर, म्हणजे अर्धा इंच.

सांगलीकडच्या बायकांनी मात्र एक वेगळीच मागणी केली. त्या म्हणाल्या, आमच्याकडं पुरात गाडी काय कामाची, बोट करा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथं इशाऱ्याची पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५ फूट आहे. मग आम्ही आपल्याच प्रमाणात एक पट्टी रंगवली. ४० फुटांना वीस इंच, ४५ ला साडेबावीस, ५७ ला साडेअठ्ठावीस. पट्टीचा शून्य नदीच्या पात्रात असतो, म्हणून गाडी शून्यावर ठेवायची नाही. धोक्याच्या रेषेच्या उंचीला रस्ता आहे असं धरून तिथं फळी लावली आणि फळीवर रुग्णवाहिका ठेवली. पाण्याची रेष गाडीच्या टपाच्या दीड इंच वर गेली. नऊ फूट उंचीची अख्खी गाडी बुडून वर तीन फूट पाणी. आकडे सगळ्यांनी पेपरात वाचलेले होते, पण त्या फळीसमोर बाया गप्प झाल्या. त्यानंतर धोक्याच्या पातळीची वाट न बघता चाळीसलाच म्हातारी माणसं आणि दिवस भरलेल्या बायका हलवायच्या, यावर पहिल्यांदा धड चर्चा झाली. बोटही केली. सोबत माणसं मोजून बसवायची आणि प्रत्येकाला लाइफ जॅकेट.

आता विक्रीचं. पोरांसाठी गाडी करणार असाल तर रंगाकडं बघा. घरात पडलेला जुना ऑईलपेंटचा डबा वापरू नका, जुन्या रंगात शिसं असायचं. आता घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम आहे, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद, आणि तसं डब्यावर छापलेलं असतं. ते वाचून घ्या, नाहीतर पाण्यातले अॅक्रिलिक रंग घ्या. लहान मूल गाडी आधी तोंडात घालतं, मग चालवतं. तीन वर्षांखालच्या मुलासाठी सुटणारा भाग नकोच. सव्वा इंच व्यासाच्या नळीत जो भाग पूर्ण मावतो तो घशात अडकू शकतो, असा ठोकताळा धरा. आरसे, सिलिंडर, लिंबू-मिरची, मणी, सगळं त्यात येतं. म्हणून तीन वर्षांखालच्यांसाठी आम्ही बिनबारकाव्यांचा, गोल कडांचा, मोठ्या चाकांचा ट्रक वेगळा करतो.

कायदाही माहीत हवा. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआयचा शिक्का सक्तीचा आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडं नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या खेळण्यांना त्यातून सूट दिली आहे. त्या नोंदणीचं ओळखपत्र असतं, त्याला पहचान कार्ड म्हणतात. ट्रकमालकाच्या शोकेसमध्ये जाणारं मॉडेल ही शोभेची वस्तू, पण पोराच्या हातात जाणारी गाडी शोभेची म्हणून विकणं बरं नव्हे. नोंदणीची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात नाहीतर उमेदच्या तालुका कार्यालयात करा. महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात जायचं तर हे कागद आधी लागतात.

आणि दर. इथं आपण बायका हमखास कमी पडतो. सामानाचे पैसे मोजतो आणि हाताचे सोडून देतो. समजा एका ट्रकला सामान १८० रुपयांचं लागलं आणि नऊ तास गेले. तासाला ५० रुपये धरले तर हाताचे ४५० झाले. मिळून ६३०. मोडतोड, वाहतूक, हत्यारांची झीज यांचे दहा टक्के, ६३. म्हणजे ६९३, सातशेच धरा. प्रदर्शनात कुणी म्हणेल, प्लास्टिकचा दीडशेला मिळतो. मिळतो ना, मग तो घ्यावा. त्याच्यावर त्यांच्या गाडीचा नंबर नसतो. पण दर कमी करायचाच असेल तर मजुरी कापू नका, वेळ कापा. दहा ट्रक एकदम घ्या. एकीकडं सगळी चाकं, एकीकडं सगळे सांगाडे, एकीकडं रंग. नऊ तासांचं काम समजा सहावर आलं, तर हाताचे ३०० होतात, सामानासकट ४८० आणि दहा टक्के धरून ५२८. पण रोज चाकंच करणारीनं चार दिवसांनी रंगाला बसायचं, नाहीतर एक शिकते आणि बाकीच्या हमाली करतात.

मागणी येते ती बहुतेक ट्रकमालकांकडून आणि निवृत्त होणाऱ्या एसटी ड्रायव्हरच्या घरच्यांकडून. अशा वेळी निम्मे पैसे आगाऊ घ्या आणि गाडीचे चार बाजूंनी फोटो मागवा, दारावरच्या अक्षरांचा जवळून एक वेगळा. नावाचं स्पेलिंग कागदावर लिहून घ्या आणि त्यावर सही घ्या. गाडी पाठवताना चाकांखाली थर्माकोलच्या पाचरी लावा, म्हणजे खोक्यात ती मागं-पुढं पळत नाही. बाजूचे आरसे काढून वेगळ्या पुडीत द्या. एसटीच्या धक्क्यात पहिले तेच तुटतात, आणि बरोबर गोंदाची छोटी ट्यूब दिली की गिऱ्हाईक घरी जाऊन स्वतःच बसवतं.